महाराष्ट्राच्या सहा बाटल्या: कोणत्या घ्याव्यात आणि त्यांत काय शोधावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. डिसेंबरात तुमचा भाऊ त्याच्या जर्मन सासू-सासऱ्यांना घेऊन पुण्याला येतोय. त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन ही रोजची गोष्ट. एका संध्याकाळी घरच्या मराठी जेवणाबरोबर त्यांना महाराष्ट्रातल्या सहा वाइन द्याव्यात असं तुमच्या मनात आहे. त्यासाठी तुम्ही दोघं मुद्दाम नाशिकला जाऊन सहा प्रकार चाखूनही आलात. पण ‘सगळ्या एकतर आंबट नाहीतर कडू लागल्या, लेबलवरची गूजबेरी, ब्लॅककरंट वगैरे काहीच सापडलं नाही’. म्हणून विचारलंय की सहा कोणत्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत नेमकं काय शोधायचं.

मी सतरा वर्षं नाशिकच्या आसपासच्या वाइनरींमध्ये काम करते आहे. पहिली सहा वर्षं टाक्या आणि पिंपांजवळ गेली, त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखायला देण्याचं काम करते. ‘सगळं सारखंच लागतं’ ही तक्रार मी कायम ऐकते आणि ती करणाऱ्याची जीभ मला आजवर कधी सदोष आढळलेली नाही. अडचण तीन ठिकाणी असते. चवीला चुकीचं नाव दिलेलं असतं, वाइन चुकीच्या तापमानाला असते आणि तुलनेला शेजारी दुसरा ग्लास नसतो. या तीन गोष्टी आधी दुरुस्त करा. नुसती नावांची यादी दिली, तर डिसेंबरातही तुम्हाला सगळं आंबट नाहीतर कडूच लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या भागातल्या दुकानात काय मिळतं, बाटली तिथे कशी ठेवलेली होती, ते कोणत्या वर्षाचं पीक आहे आणि तुमच्या घरचा रस्सा किती झणझणीत असतो, यावर निवड बदलेल. म्हणून मी द्राक्षाच्या जातीप्रमाणे सांगते. उत्पादकांची नावं ओळखीपुरती घ्या. तीच बाटली मिळाली नाही तर त्याच जातीची दुसरी चालेल.

आता जिभेचं. ‘कडू’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला रेड वाइन कडू लागली असं तुम्ही लिहिलंय, पण माझा अंदाज आहे की ती तुरट लागली. कारलं कडू. कच्चं केळं, सुपारी, डाळिंबाच्या दाण्यांमधला पिवळा पापुद्रा, मूठभर जांभळं खाल्ल्यावर जाडसर झालेली जीभ, हे सगळं तुरट. वाइनमध्ये हा तुरटपणा मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतो. त्या द्रव्याला टॅनिन म्हणतात. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात तो भरपूर असतो. व्हाइटसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात, म्हणून तिच्यात तो जवळजवळ नसतो. आपल्याकडे या चवीला षड्रसांत कषाय म्हणून स्वतंत्र जागा आहे, रोजच्या बोलण्यातही तुरट हा शब्द आहे, तरी वाइनचा ग्लास हातात आला की तो आपल्याला आठवत नाही. त्याऐवजी लोक ‘फार ड्राय आहे’ म्हणतात. लेबलवरच्या ड्रायचा तुरटपणाशी काही संबंध नाही. वाइनमध्ये जाणवेल इतकी साखर उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पाहुणे येण्याआधी एखाद्या रविवारी हे करून बघा. एका ग्लासात बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्या. दुसऱ्यात दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा. तिसऱ्यात पहिल्याइतकंच लिंबू, पण दोन चमचे साखर घालून. पहिल्या घोटाला गालांच्या आतून पाणी सुटेल, दुसऱ्याला तोंडातलं पाणी आटल्यासारखं होईल. तिसऱ्यात लिंबू तेवढंच असूनही आंबटपणा दबलेला वाटेल. या तीन ग्लासांवर अर्धी वाइन समजते. पुढे कोणतीही वाइन तोंडात घेतली की पाच सेकंद थांबा आणि पाणी सुटतंय की आटतंय, एवढंच आधी ठरवा. वासाचं नंतर.

वासाच्या बाबतीत लेबलवरचे शब्द तुम्हाला सापडले नाहीत, कारण ते तुमच्या ओळखीचेच नाहीत. गूजबेरी म्हणजे आवळा असं समजून लोक ग्लासात आवळा शोधत बसतात. युरोपातली गूजबेरी हे वेगळ्याच कुळातलं, आंबट हिरवं फळ आहे. ब्लॅककरंट म्हणजे काळे मनुके नव्हेत. तेही तिकडचं झुडपावरचं फळ, आपल्याला फार तर त्या नावाच्या आइस्क्रीममधून माहीत. जे फळ कधी हुंगलंच नाही, ते ग्लासात कसं सापडणार? आमच्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की लेबल उलटं ठेवा आणि पेरू, जांभूळ, करवंद, अननस, भोपळी मिरची, काळी मिरी, ओल्या गवताचा भारा, गूळ, बडीशेप यांतलं काही येतंय का बघा.

असे वास येणं म्हणजे निव्वळ कविकल्पना नसते, हेही सांगते, कारण अनेकांना ते मनाचे खेळ वाटतात. भोपळी मिरचीला तिचा वास देणारी पायरझिन जातीची द्रव्यं सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉ या द्राक्षांतही असतात. काळ्या मिरीतलं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाच्या सालीतही असतं. म्हणजे ग्लासात मिरीचा वास आला तर तो खरोखर मिरीचाच.

आता आपल्या वाइन अशा का लागतात ते सांगते. पाहुण्यांना हेच सगळ्यात जास्त आवडेल. जर्मनीत वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा गार होत असताना, त्याची द्राक्षं पिकतात. नाशिकला वेल झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे छाटण्या दोन. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातली गोडी छाटणी फळासाठी. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडाका असतो; निफाडचं तापमान दर थंडीत बातम्यांत येतं ते तुम्ही वाचत असालच. घड त्या थंडीत वाढतात, पण ऐन पिकण्याच्या वेळी फेब्रुवारीचं ऊन चढायला लागतं. तिकडे द्राक्ष थंडीकडे जाताना पिकतं, आपल्याकडे उन्हाळ्याकडे जाताना.

याचा परिणाम चवीवर थेट दिसतो. ऊन वाढलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. त्यामुळे काढणीचा दिवस दोन-चार दिवसांनी चुकला तरी वाइन बदलते. पिंपांजवळ काम करत होते तेव्हा या दिवसांत आम्ही रोज सकाळी बागेतून मणी आणून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, मोजायचो. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनसाठी, अठरा-एकोणीस, व्हाइटसाठी एकवीस-बावीस, रेडसाठी तेवीस-चोवीसच्या आसपास तोडणी, तीही ऊन चढायच्या आत, म्हणजे घड गारच वाइनरीत पोचतात. लवकर तोडलं तर वास हिरवा येतो. उशीर झाला तर वाइन जड होते, घशात अल्कोहोलची ऊब जाणवते आणि फळ शिजल्यासारखं लागतं. नाशिकची एखादी वाइन आवडली किंवा नावडली, तर कारण बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सापडतं.

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांतही लोक गफलत करतात. थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवायला शेतकरी जिबरेलिक अ‍ॅसिड वापरतात, कारण ग्राहकाला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. वाइनसाठी नेमकं उलट हवं. लहान मणी, जाड साल, आत बिया, कारण रंग आणि वास मुख्यतः सालीत असतात आणि टॅनिन सालीत आणि बियांत. म्हणून या बागा भारी काळ्या जमिनीपेक्षा उताराच्या मुरमाड जमिनीत चांगल्या येतात. काळ्या जमिनीत वेल नुसता पानांनी माजतो.

इतिहासही दोन वाक्यांत सांगता येईल. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी ‘ओमर खय्याम’ ही स्पार्कलिंग वाइन केली आणि ती परदेशातही गेली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला सुरू केली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. पाहुण्यांच्या गावाजवळच्या बागा कदाचित कित्येक शतकांच्या असतील. आपल्या बहुतेक पंचवीस-तीस वर्षांच्या आहेत. हे मोकळेपणाने सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

आता बाटल्या. सहा बाटल्या सहा वेगवेगळ्या जातींच्या घेऊ नका. दोन जोड्या घ्या आणि दोन सुट्या. पहिली जोडी सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँची. नाशिकच्या व्हाइट वाइनचं सगळं शिक्षण या दोन ग्लासांत होतं.

सॉव्हिन्यॉ ब्लाँ आधी ओता. नाकाजवळ नेताच ती स्वतःहून बोलते. चिरलेली हिरवी भोपळी मिरची, कापलेलं गवत, कधी टोमॅटोच्या झाडाचा पाला हाताला चोळल्यावर येतो तसा वास. जरा जास्त पिकलेली असेल तर कृष्णकमळाच्या फळाचा, म्हणजे पॅशनफ्रूटचा वासही मिळतो. तोंडात धारदार आंबटपणा, साखर नाही आणि घोट गिळल्यावर गालांत पाणी. सुलाची सर्वत्र मिळते, ती चालेल. हिच्याबरोबर कोथिंबीर वडी द्या. कोथिंबिरीचा हिरवा वास आणि वाइनचा हिरवा वास एकमेकांत इतके मिसळतात की आमच्याकडे मी पाहुण्यांना पहिल्यांदा ही वाइन हाच घास देऊन चाखवते. तळलेली सुरमईही उत्तम, फक्त तिच्यावर लिंबू पिळू नका, ते काम वाइन करते.

शेनिन ब्लाँ शेजारच्या ग्लासात. हे मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं द्राक्ष, दक्षिण आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणावर लावलेलं, आणि नाशिकच्या मातीत मनापासून रुळलेलं. माझ्या मते आपल्या प्रदेशाची खरी व्हाइट हीच. वास सॉव्हिन्यॉसारखा अंगावर येत नाही. पिकलेला पेरू, नासपती, खरबूज, थोडा अननस, आणि ग्लास जरा कोमट झाला की मधाची हलकी झाक. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते, त्याला ऑफ-ड्राय म्हणतात. इथे तुमचा तिसरा ग्लास आठवा. आंबटपणा पुरता आहे, साखरेने तो गोलसर झालाय. तुम्ही नाशिकला ही प्यायला असाल, तर ‘आंबट नाही, म्हणजे पातळ आहे’ असं वाटलं असण्याची शक्यता आहे.

या थोड्या साखरेला नाकं मुरडणारे लोक मला भेटतात आणि मी त्यांच्याशी दरवेळी वाद घालते. मराठी जेवणात तिखट असतं. तिखटाबरोबर पूर्ण ड्राय वाइन आणखी आंबट आणि तुरट लागते, अल्कोहोल भाजल्यासारखं वाटतं. थोडी साखर ती आग शमवते. अळूवडी करा. तिच्यातला चिंच-गूळ, तीळ आणि तिखट, तिन्हींना ऑफ-ड्राय शेनिन सांभाळून घेते. तुमच्या पाहुण्यांना तर हे मुळीच परकं वाटणार नाही. जर्मनीत किंचित गोडसर रीस्लिंग मानाने पितात, आणि ड्रायला ते ‘ट्रॉकन’ म्हणतात, तेव्हा त्यांना हा फरक तुमच्याआधी कळेल. दोघांत कोणती आवडते ते त्यांना विचारा आणि आपण आधी काही सांगू नका.

दुसरी जोडी शिराझची, पण एक साधी आणि एक ओकच्या पिंपात ठेवलेली. रेडमध्ये आपल्या उन्हाला सर्वांत चांगली तोंड देणारी जात हीच, म्हणून दोन्ही बाटल्या एकाच जातीच्या घ्यायला सांगते आहे. साध्या शिराझमध्ये जांभूळ शोधा. नुसतं ‘काळं फळ’ म्हणू नका. आधी जांभूळ, मग करवंद, आणि मागे काळी मिरी. तोंडात घेतल्यावर जांभळासारखीच जीभ थोडी ओढली जाते. रंग गडद जांभळा, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडा वांगी रंगाची दिसते.

पिंपातली शिराझ म्हणून सुलाची दिंडोरी रिझर्व्ह किंवा रासा घ्या. रासा महाग आहे, दिंडोरीने काम भागतं. हिच्यात तेच जांभूळ मागच्या बाकावर जातं आणि पुढे येतात व्हॅनिला, लवंग, भाजलेलं खोबरं, धुराची झाक. हे वास द्राक्षाचे नसून लाकडाचे आहेत; पिंपाचं लाकूड आतून विस्तवावर भाजतात त्यातून ते येतात. तुरटपणा असतो, पण तो चरचरीत न लागता मऊ लागतो, कारण पिंपाच्या लाकडातून सावकाश जाणाऱ्या हवेने टॅनिन निवतं. दोन ग्लास शेजारी ठेवले की ‘व्हॅनिला’ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळतं. एकटीच वाइन पिताना ते कळणं फार कठीण, म्हणून जोडीचा एवढा आग्रह. एक सावधगिरी घ्या. लेबलवरचा ‘रिझर्व्ह’ हा शब्द उत्पादकागणिक वेगळ्या अर्थाने वापरला जातो. मागच्या बाजूला पिंपात किती महिने ठेवली ते लिहिलंय का बघा.

शिराझबरोबर मटण करा, पण तांबड्या रश्श्याचा झणका त्या दिवशी निम्मा ठेवा. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोघांचाही त्रास होतो. मिरी, खोबरं आणि कांदा भाजून केलेलं सुकं मटण असेल तर दुसऱ्या शिराझला तोड नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी भरलं वांगं, दाण्याच्या कुटाचं. दाण्यातली चरबी तुरटपणा मऊ करते.

आता दोन सुट्या. एक अकलूजची. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली या वाइनरीच्या बागा आहेत. इटलीतल्या सेक्की बंधूंनी इथल्या मोहिते-पाटील आणि सेखरी कुटुंबांबरोबर त्या उभ्या केल्या, आणि इटालियनमध्ये त्या नावाचा अर्थच भाऊ-भाऊ. हवा नाशिकपेक्षा कोरडी आणि उष्ण. त्यांची सान्जोव्हेजे (ही इटालियन रेड द्राक्षाची जात) किंवा सान्जोव्हेजे आणि कॅबर्ने मिळून केलेली ‘सेत्ते’ घ्या. रंग शिराझपेक्षा उघडा आणि विटकरी. जांभळाऐवजी आंबट चेरी, सुकं आलुबुखार, कधी ओल्या मातीचा आणि तंबाखूच्या पानाचा वास. तोंडात पाणीही सुटतं आणि आटतंही. दोन्ही एकदम होणं हीच सान्जोव्हेजेची खूण. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांची चव किती वेगळी असते ते या ग्लासाने दाखवता येईल.

दुसरी शेवटची, गोड. शेनिन ब्लाँच्याच लेट हार्वेस्टची छोटी बाटली. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर घट्ट झाल्यावर तोडतात. मध, पिकलेला आंबा, सुकं अंजीर, आणि शेवटी तरतरीत आंबटपणा, ज्यामुळे ती पाकासारखी लागत नाही. जर्मनांना ‘श्पेटलेजे’ शब्द सांगा, त्यांच्याकडेही त्याचा अर्थ उशिराची तोडणीच, आणि गप्पांना अर्धा तास पुरेल. मात्र पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर ती देऊ नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट वाटते. कमी साखरेचा खरवस किंवा नुसते भाजलेले काजू द्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्पार्कलिंगने सुरुवात करायची हौस असेल तर जरूर करा, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली निवडा. तिच्यात फळामागे ताज्या पावाचा वास मिळतो, तो तळाशी बसलेल्या मृत यीस्टचा. उघडण्याआधी चांगली गार करा, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. आत गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. निफाडजवळच्या रेव्हेलोची ग्रिलो, कावनईच्या व्हॅलोनेची माल्बेक आणि चारोसाची टेम्प्रानियो या माझ्या आवडीच्या आहेत, पण पहिल्याच संध्याकाळी नकोत. कॅबर्ने आपल्याकडे मला क्वचितच पूर्ण पिकलेली वाटते. भोपळी मिरचीचा वास व्हाइटमध्ये ताजा वाटतो, रेडमध्ये मला तो खटकतो. हे माझं मत, त्याच्याशी असहमत असणारे चांगले वाइनमेकर मला माहीत आहेत.

खरेदीचं एक सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी मी बहिणीच्या घरी नेण्यासाठी एका दुकानातून चार बाटल्या घेतल्या. काचेच्या शोकेसमध्ये, दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या. घरी उघडल्या तर व्हाइट पिवळीधमक, वास उकळलेल्या उसाच्या रसासारखा. मी स्वतः हे काम करते आणि तरी घाईत बाटली कुठे ठेवलेली आहे ते बघितलं नव्हतं. तेव्हापासून मी आतल्या, सावलीतल्या खोक्यातली बाटली मागते आणि दुकानदार हसत हसत देतातही. व्हाइट असेल तर लेबलवरचं साल बघा. त्याच वर्षाचं किंवा फार तर आदल्या वर्षाचं घ्या. आपली काढणी वर्षाच्या सुरुवातीला होत असल्याने डिसेंबरात चालू सालची व्हाइट दुकानात मिळते, युरोपात त्या वेळी त्या सालची वाइन बहुतांश अजून टाकीत असते. पिंपातली शिराझ तीन-चार वर्षांची असली तरी उत्तम.

तापमानाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण तुमची नाशिकची सहल बिघडण्यात त्याचा मोठा वाटा असावा. ‘रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता, सोळा ते अठरा अंशांचा. पुण्यात डिसेंबरातही माणसांनी भरलेल्या बैठकीत पंचवीस-सव्वीस सहज होतं, आणि त्या तापमानाला शिराझमधून फक्त अल्कोहोल वर येतं. रेड जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उलट व्हाइट फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नका. चार अंशांना शेनिनचा पेरू गोठून जातो आणि नुसता आंबटपणा उरतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग ओता. लेट हार्वेस्ट मात्र चांगली गारच हवी.

ग्लास पातळ काचेचे, तोंडाशी जरा निमुळते आणि तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचे, म्हणजे फिरवायला जागा राहते. बैठकीत उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा नको, आणि हिंगाची फोडणी पाहुणे यायच्या तासभर आधी उरकून खिडक्या उघडा. माझी एक मैत्रीण पाहुण्यांच्या समोर वरणाला फोडणी देत होती आणि सगळ्यांना सॉव्हिन्यॉ ब्लाँमध्ये लसूण सापडला.

प्रमाण असं धरा. ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे पंधरा घोटभर भाग निघतात. तुम्ही आठ जण आहात, म्हणजे प्रत्येकाला सहाही वाइनची चव देऊन पाच मोठ्या बाटल्यांत निम्म्याच्या आसपास वाइन जेवणासाठी उरते. टेबलावर एक रिकामं भांडंही ठेवा. चाखताना थुंकणं हा आमच्या धंद्यात रोजचा शिष्टाचार आहे, जर्मन सासरे त्यात वावगं मानणार नाहीत, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी तो एकमेव मार्ग आहे. मध्ये मध्ये साधं पाणी आणि फिकी भाकरी द्या. जीभ पुन्हा कोरी व्हायला भाकरीइतकं चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

क्रम सॉव्हिन्यॉ, शेनिन, सान्जोव्हेजे, साधी शिराझ, पिंपातली शिराझ आणि शेवटी गोड. सान्जोव्हेजे शिराझच्या आधी, कारण शिराझनंतर ती फिकी पडते. उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, रेडसुद्धा. तीन दिवस चांगल्या राहतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघंच असाल, तेव्हा शिराझची ती जोडी पुन्हा एकदा ओतून बघा. रात्रभरात पिंपातली बदललेली असेल आणि कशी बदलली ते आता तुम्हाला सांगता येईल. जमलं तर इथेही लिहा, आणि सासूबाईंनी शेनिन निवडली की सॉव्हिन्यॉ, तेही.